रचपेट्यांची बदललेली मापे आणि कारागिराची तजवीज

हत्यारांची पेटी ही पाहणाऱ्याला किरकोळ वस्तू वाटते. परंतु ज्याच्या उपजीविकेचा सारा सरंजाम तिच्यात सामावलेला असतो, आणि ज्याने आपल्या कारखान्यातील मांडणी, टेंपोतील फळ्या, कामावर न्यावयाच्या ढकलगाडीची रुंदी, इतकेच नव्हे तर अंधुक उजेडात कोणते हत्यार कोठे हाताला लागेल ही सवयसुद्धा त्या पेटीच्या लांबी-रुंदी-उंचीवर बेतलेली असते, त्या कारागिराच्या लेखी पेटीचे माप हा एक करारच असतो. उत्पादकाने नवी घडण बाजारात आणली आणि जुनी बंद केली, म्हणजे हा करार एकतर्फी बदलतो. बदल सकारण असतो, पुष्कळदा सुधारणेच्या हेतूनेच केलेला असतो. तरी त्याचा भुर्दंड अखेर कारागिराच्या नावे पडतो, आणि म्हणून त्याची तक्रार मला सर्वथा न्याय्य वाटते. ती तक्रार मनात ठेवूनही हाती असलेल्या आणि नव्याने येणाऱ्या पेट्या एका नांदत्या व्यवस्थेत कशा आणाव्यात, याची काही तजवीज येथे सांगण्याचा मानस आहे.

एकावर एक रचून परस्परांत अडकविता येणाऱ्या या पेट्यांना आपण सोयीसाठी रचपेट्या म्हणू. त्यांतील सर्वांत अभ्यासनीय उदाहरण जर्मनीतील टॅनॉस या उत्पादकाच्या सिस्टेनर पेटीचे आहे. १९९३ साली ती प्रथम बाजारात आली, फेस्टूलच्या सुतारकामाच्या यंत्रांबरोबर जगभर पसरली, आणि तिच्याच तळमापाच्या पेट्या पुढे इतर उत्पादकांनीही स्वीकारल्या. आपल्याकडील कारागिरांच्या परिचयाची मकिताची मॅकपॅक पेटी त्याच कुळातली आहे. सिस्टेनरचे तळमाप ३९६ बाय २९६ मिलिमीटर ठेवण्यात मोठे शहाणपण होते. युरोपातील मालवाहतुकीचा प्रमाणित लाकडी तळ, ज्याला पॅलेट म्हणतात, तो १२०० बाय ८०० मिलिमीटरचा असतो. त्यावर ४०० बाय ३०० चे आठ चौक बरोबर बसतात, आणि प्रत्येक चौकात एक पेटी थोडी सैल राहून सुखाने मावते. उंचीचाही असाच हिशेब होता. जुन्या पेट्यांच्या उंची १०५, १५७.५, २१०, ३१५ आणि ४२० मिलिमीटर होत्या. या सर्व ५२.५ च्या पटीतल्या. त्यामुळे १०५ च्या सहा, १५७.५ च्या चार, २१० च्या तीन किंवा ३१५ च्या दोन पेट्या रचल्या तरी थराची उंची ६३० मिलिमीटरच भरे, आणि शेजारशेजारच्या दोन थरांचे माथे एका रेषेत येत. आपल्याकडे मडक्यांची उतरंड रचतात तेव्हा प्रत्येक मडके निराळ्या आकाराचे असले तरी चालते, कारण एकावर एक तोल साधण्यापलीकडे त्यांचा परस्परांशी काही करार नसतो. रचपेट्यांत तशी सवलत नाही, येथे एका पेटीचे माप हलले की सगळा थर हलतो.

२०१० च्या सुमारास याच पेटीची टी-लॉक नावाची घडण आली. तिने पूर्वीच्या अनेक कड्यांच्या जागी समोर एकच फिरती कडी आणली. तीच झाकण मिटते, तीच उघडते, आणि तीच वरच्या पेटीला खालच्या पेटीशी जखडते. तळमाप व उंची यांना हात न लागल्यामुळे हा बदल बहुतेकांनी आनंदाने पत्करला. खरी कुरकुर २०२० च्या आगेमागे आलेल्या तिसऱ्या पिढीविषयी आहे. व्हॅनमधील मांडण्या बनविणाऱ्या बॉट या उत्पादकाशी सहकार्य करून ही पिढी घडविली गेली, आणि गाडीतील रुळांवर पेटी थेट सरकविता यावी म्हणून तिच्या दोन्ही कुशींत आडव्या खाचा आल्या, तसेच पेटी उभी धरून नेता यावी म्हणून पुढच्या बाजूसही मूठ आली. तळमाप तेच राहिल्याने मागील पिढीच्या पेटीशी ती अडकते. पण उंचीचे आकडे मात्र ११२, १३७, १८७, २३७, ३३७ आणि ४३७ झाले. नव्या आकड्यांतील अंतरे २५ च्या पटीत आहेत, म्हणजे त्यांतही एक शिस्त आहेच. परंतु ती जुन्या ५२.५ च्या शिस्तीशी जुळणारी नाही. ज्याने १५७.५ च्या पेटीसाठी १७५ मिलिमीटर मोकळ्या उंचीचे कप्पे करून ठेवले, त्याला आता १३७ ची पेटी घेतली तर ३८ मिलिमीटर हवा साठवावी लागते आणि १८७ ची घेतली तर ती आत शिरतच नाही. कुशीतील खाचा जेवढ्या बाहेरून उपयोगाच्या, तेवढ्याच त्या आतून अडचणीच्या ठरतात. भिंत जेथे आत दबली तेथे जुन्या पेटीतून काढलेला तबकाचा साचा पुष्कळदा अडकतो.

कोणताही फेरफार करण्यापूर्वी एक जमाखर्च मांडावा, असा माझा आग्रह आहे. आपल्याजवळच्या प्रत्येक पेटीची पिढी, बाहेरची तीन मापे, झाकणाच्या आत उरणारी उंची, भरलेल्या पेटीचे वजन, आणि ती कारखान्यात जागच्या जागी उघडली जाते की उचलून कामावर नेली जाते, इतका मजकूर एका वहीत नोंदवावा. उत्पादकाच्या तपशीलपत्रातील आकड्यांवर येथे विसंबून राहू नये. पेटीचे पाय खालच्या पेटीच्या खोबणीत उतरले की थराची उंची आकड्यांच्या बेरजेहून निराळी भरू शकते, म्हणून दोन-तीन पेट्या प्रत्यक्ष अडकवून टेपने पूर्ण थर मोजावा, आणि खाचांची रुंदी व खोली व्हर्नियरने घ्यावी. या नोंदीवरून पुढचे सर्व निर्णय आपोआप सोपे होतात. माझ्या मते त्या निर्णयांना एकच सूत्र पुरते: फेरफार पेटीच्या भोवती करावा, पेटीच्या आत करावा, पण ज्या पृष्ठभागांनी ती दुसऱ्या पेटीशी अडकते, म्हणजे पाय, माथ्यावरील खोबणी, कडी आणि कडीची जीभ, त्यांना कानसही लावू नये. मांडणीची फळी चुकली तर दुसरी कापता येते. परंतु तासलेला पाय पुन्हा उगवत नाही, आणि तेवढ्यानेच ती पेटी या कुळातून कायमची बाद होते.

भोवतीचा फेरफार म्हणजे मुख्यतः मांडणीचा. पुष्कळ कारागिरांनी जुन्या पेट्यांसाठी प्लायवुडचे खण टेलिस्कोपिक चॅनलवर बसविले आहेत. अशा खणाचा हिशेब पाहावा: पेटी ३९६, दोन्ही बाजूंस थोडी मोकळीक धरून खणाची आतली रुंदी ४००, बाजूंच्या १२ मिलिमीटरच्या दोन फळ्या धरून ४२४, आणि चॅनलसाठी प्रत्येक बाजूस साधारण साडेबारा मिलिमीटर सोडले की कपाटाची आतली रुंदी सुमारे ४५० होते. नव्या पेट्यांना कुशीत खाचा आहेतच, तेव्हा हा खण व चॅनल काढून त्याऐवजी कपाटाच्या दोन्ही भिंतींना २५ मिलिमीटर जाडीची भरपट्टी लावली, तर मधली जागा पुन्हा ४०० ची होते, आणि त्या भरपट्टीवर खाचेच्या मापाची सागवानी किंवा बीचची रूळपट्टी ठोकली की पेटी स्वतःच खणासारखी सरकते. लाकडी पट्टीऐवजी अॅल्युमिनियमचा अँगलही चालतो. मात्र त्याची धार कानसून गोल केली पाहिजे, नाहीतर ती प्लॅस्टिकच्या खाचेला रोज थोडे थोडे खात राहते. मेणबत्तीचे मेण पट्टीवर घासले तर सरकणे सुलभ होते आणि तेलासारखी धूळ धरत नाही.

रूळपट्ट्या कायमच्या खिळवून टाकण्याची घाई करू नये. कपाटाच्या उभ्या फळ्यांना २५ मिलिमीटरच्या अंतराने भोकांच्या ओळी पाडाव्यात आणि पट्ट्या स्क्रूने बसवाव्यात, म्हणजे उद्या पेटीची उंची बदलली तरी पट्टी वरखाली करता येते, आणि कोणत्याही पेटीच्या माथ्यावर वाया जाणारी जागा एका टप्प्याहून कमीच राहते. ज्याच्याजवळ युरोपीय कपाटांच्या पद्धतीची ३२ मिलिमीटर अंतराची भोके पाडण्याची तयार जिग असेल, त्याने तीच वापरावी. थोडी जागा अधिक गेली तरी अचूकता मिळते, आणि अशा कामात भोकांच्या दोन ओळी समोरासमोर नेमक्या एका पातळीत येणे हेच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण एक मिलिमीटरच्या तिरकसपणानेही पेटी रुळावर आडवी होऊन अडते.

परंतु सगळे खण मोडावेत, असे मी म्हणणार नाही. रुळावर लटकलेली पेटी उघडायची तर ती पूर्ण बाहेर काढून कोठेतरी टेकवावी लागते; उलट खणात ठेवलेली पेटी खण पूर्ण ओढला की जागच्या जागी उघडते. म्हणून वहीतील नोंदीप्रमाणे दिवसातून अनेकदा उघडल्या जाणाऱ्या पेट्या, उदाहरणार्थ स्क्रू, ड्रिलची पाती, मोजमापाची साधने यांच्या, पूर्ण उघडणाऱ्या चॅनलवरील खणांतच ठेवाव्यात, आणि रंधायंत्र किंवा गोल करवत यांसारखी, जी पेटीसकट उचलून न्यावयाची असतात ती, रुळांवर द्यावीत. पेटीची खोली २९६ असल्याने खणासाठी ३५० मिलिमीटर लांबीचे चॅनल पुरते, पण ते पूर्ण उघडणारेच हवे. अर्धवट उघडणाऱ्या चॅनलवर झाकण वरच्या फळीला अडते. ही मांडणी गाडीत असेल तर खणांना आणि रुळांना दोहोंनाही अडणा पाहिजे, कारण ब्रेक दाबल्याबरोबर पंधरा-वीस किलोची पेटी पुढे येते, तेव्हा तिला थोपविण्यास घर्षण पुरत नाही. फळ्यांसाठी साधे आयएस ३०३ चे व्यापारी प्लायवुड कोरड्या हवेच्या गावात चालून जाते. कोकणात, गोव्यात, किंवा उघड्या टेंपोत मात्र आयएस ७१० चे, ज्याला दुकानदार मरीन प्लाय म्हणतो तेच घ्यावे.

आता पेटीच्या अंगाला भोक पाडण्याची वेळ आलीच, तर आधी तिचे द्रव्य ओळखावे. सिस्टेनर एबीएस या प्लॅस्टिकची असते. बाजारातील इतर अनेक पेट्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. आणि या दोहोंचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. तळाशी पुनर्वापराच्या त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. खूण पुसली गेली असेल तर दडलेल्या कोपऱ्यातून चाकूने एक ढलपी काढून पाण्यात टाकावी: पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे तरंगते, एबीएस किंचित जड असल्यामुळे बुडते, ढलपीला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकल्यावाचून या परीक्षेवर भरवसा ठेवू नये. एबीएसला अॅसिटोन विरघळविते. म्हणूनच एबीएसचा भेगाळलेला कोपरा सांधायचा तर त्याच द्रव्याच्या ढलप्या थोड्या अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा हा उत्तम सांधा देतो, आणि त्याच कारणास्तव अशी पेटी थिनरने पुसणे म्हणजे तिचा पृष्ठभाग बिघडविणे होय. पारदर्शक झाकण बहुधा निराळ्या प्लॅस्टिकचे असते, त्यावर अॅसिटोनचा थेंबही पडू देऊ नये. त्याने ते धुरकट होते किंवा बारीक भेगांनी भरते. पॉलिप्रॉपिलीनवर मात्र कोणताही साधा गोंद टिकत नाही. तेथे रिवेट किंवा नट-बोल्ट हाच मार्ग आहे.

भोक पाडताना ड्रिलची गती मंद ठेवावी, पाते धारदार असावे, आणि भिंतीच्या मागे लाकडाचा ठोकळा घट्ट धरावा, म्हणजे पलीकडची कड उसवत नाही. भोक बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे असावे. शंकूच्या आकाराच्या डोक्याचा स्क्रू येथे कदापि वापरू नये. लाकडात जे डोके सपाट बसून शोभा देते, तेच प्लॅस्टिकमध्ये पाचरीसारखे भोक रुंदावत राहते, आणि काही महिन्यांनी तेथून भेग निघते. सपाट बुडाच्या डोक्याचा बोल्ट, दोन्ही बाजूंस रुंद वॉशर, आणि नायलॉनच्या कड्याचा नट असा बंदोबस्त केला, आणि वॉशर हाताने फिरविता येणार नाही इतपतच आवळला, की काम झाले. रंधायंत्राची धूळनळी किंवा वायर अडकविण्यासाठी लहान हूक झाकणाच्या आतल्या बाजूस लावायचा असेल तेव्हा ही रीत उपयोगी पडते. पण बोल्टचे डोके माथ्यावर वर येऊन वरच्या पेटीच्या पायाशी भांडणार नाही, हे आधी पाहावे.

वास्तविक आतील बहुतेक सोयी एकही भोक न पाडता होतात, आणि मला त्याच अधिक रुचतात. सहा मिलिमीटर प्लायवुडची एक तळफळी आतल्या तळापेक्षा दोन्हीकडे एकेक मिलिमीटर लहान कापावी, तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या जाडीच्या खाचा एकमेकींत बसवून आडवे-उभे पडदे उभे करावेत, आणि सबंध जाळी सुटी पेटीत सोडावी. भिंती तळाकडे किंचित निमुळत्या असल्यामुळे माप तळाशी व वर दोन्ही ठिकाणी घ्यावे, आणि कुशीच्या खाचेमुळे जेथे भिंत आत आली आहे तेथे पडद्याची कड गुण्याने आखून कापावी; पुठ्ठ्याचा नमुना आधी बसवून पाहिला तर प्लायवुड वाया जात नाही. उंचीचा वाढीव भाग, जो नव्या १८७ च्या पेटीत पूर्वीच्या १५७.५ च्या तुलनेत मिळतो, तो रिकामा सोडण्याऐवजी वरून उचलता येणारे एक उथळ तबक त्यात बसवावे: पेन्सिली, पाने, पट्टी असे हलके सामान त्यात राहते आणि खालचे यंत्र हालत नाही.

फोमचे अस्तर घालायचे असेल तर तो पॉलिएथिलीनचा, बंद छिद्रांचा घ्यावा. गादीचा मऊ पॉलियुरेथेन फोम स्वस्त असतो, पण तो पाणी शोषतो. आपल्या पावसाळ्यात पटाशीची धार आणि व्हर्नियरचे जबडे अशा ओल्या फोमला टेकून राहिले तर गंज ठरलेलाच. दोन रंगांचे थर एकावर एक चिकटवून वरच्या थरातून हत्याराचा आकार कापला, तर कोणते हत्यार परत आले नाही हे झाकण मिटण्यापूर्वीच खालच्या रंगावरून दिसते. बांधकामाच्या जागेवरून संध्याकाळी निघताना ही सोय किती मोलाची आहे, हे तेथे काम केलेल्यास सांगावे लागणार नाही. लोखंडी हत्यारांच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती अधूनमधून तापवून वाळवावी, कारण पाण्याने भरलेली पुडी ठेवणे व न ठेवणे सारखेच.

दोन भिन्न कुळांच्या पेट्या एकाच थरात आणण्याची इच्छा पुष्कळांना होते. बॉशची एल-बॉक्स ४४२ बाय ३५७ मिलिमीटरची आहे. तिच्यावर ३९६ बाय २९६ ची पेटी अडकण्याचा प्रश्नच नाही, पण टेकविता निश्चित येते. ४४२ बाय ३५७ चीच १२ मिलिमीटरची फळी घ्यावी, तिच्या आखूड कडांना २२ आणि लांब कडांना २९ मिलिमीटर रुंदीच्या लाकडी पट्ट्या चिकटवाव्यात. आत ३९८ बाय २९९ चा चौक उरतो, त्यात वरची पेटी हालचाल न करता बसते. फळीच्या खालच्या अंगास खालच्या झाकणाच्या आकारानुसार दोन-तीन ठोकळे लावले की फळीही घसरत नाही. सारा थर मात्र गाडीत रुंद पट्ट्याने बांधलाच पाहिजे, आणि मुठीने एकत्र उचलता कामा नये. येथे वरच्या पेटीला खालचीशी धरून ठेवणारी कडी नाही, हे विसरून चालणार नाही.

कड्यांच्या बाबतीत मी फारच थोडे सुचवीन. फिरती कडी जड झाली तर आधी तिच्या खोबणीतील लाकडाचा भुसा ब्रशने काढावा आणि सिलिकॉनचा अगदी हलका फवारा द्यावा. खनिज तेल एबीएसवर टाळावे. कडी मोडली तर सुटा भाग मिळतो का, ते विक्रेत्याकडे प्रथम विचारावे, आणि तोवर ती पेटी थराच्या अगदी वर ठेवावी.

राहिला प्रश्न जुन्या व नव्या पेट्यांच्या वाटणीचा. माझा सल्ला असा, की कारखान्यातील मांडणीचा प्रत्येक उभा खांब एकाच पिढीचा असावा: एका खांबात ५२.५ चा हिशेब, दुसऱ्यात २५ चा. कामावर जाणाऱ्या थरात दोन्ही पिढ्या एकत्र येण्यास हरकत नाही, कारण त्या परस्परांत अडकतात. फक्त सर्वांत जुन्या, अनेक कड्यांच्या पेट्या असतील तर त्या भरून, जखडून आणि हातात उचलून आधी घरीच पारखाव्यात. नव्या पेट्या एकदम घाऊक घेण्यापेक्षा एखादे यंत्र नव्याने येईल तेव्हा त्याच्याबरोबर येणारी पेटी स्वीकारावी, आणि जुन्या पेट्यांना, ज्यांचे खण अजून ठणठणीत आहेत, त्यांच्या जागेवरून हलवू नये.